फेबुसच्या हातात जादू कुठे द्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चौदाव्या शतकातल्या फ्रान्समधला एक उमराव, पिरेनीजच्या पायथ्याशी त्याचा मुलूख, शिकारीचं वेड, अदृश्य शक्तीशी केलेला करार. अशी अद्भुताच्या अंगाने जाणारी ऐतिहासिक कादंबरी तुम्ही मराठीत लिहीत आहात. दीडशे पानं झाली, आणि वाचून दाखवल्यावर मित्र म्हणतात की नायक मराठा सरदारासारखा बोलतो. शिवाय मुलाच्या मृत्यूचा प्रसंग तुम्ही एका शापातून घडवला आहे, तो पटेल का, हे विचारलंत. नायकाला आधार गास्तों फेबुसचा आहे. मी बावीस वर्षं ऐतिहासिक कादंबऱ्यांचं संपादन करते आहे आणि या माणसाच्या मागे त्यातली निम्मी वर्षं आहे. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी शापाबद्दल, कारण माझ्या मते सगळी कादंबरी तिथेच ठरते. शाप काढून टाका. का, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

गास्तों तिसरा, म्हणजेच आपला फेबुस, फ्वाचा काउंट आणि बेआर्नचा व्हायकाउंट, जन्म 1331. वडील 1343 मध्ये स्पेनमधल्या आल्हेसिरासच्या वेढ्याच्या मोहिमेत वारले तेव्हा हा बारा वर्षांचा. आई आलियेनोरने कारभार सांभाळला. त्याची अडचण भूगोलात होती. फ्वा हा पूर्वेकडचा डोंगराळ मुलूख फ्रान्सच्या राजाकडून धरलेला. बेआर्न पश्चिमेला, इंग्लंडच्या राजाच्या ताब्यातल्या अक्वितेनला लागून. शंभर वर्षांच्या युद्धाला नुकतं तोंड फुटलेलं, आणि हा मुलगा दोन्ही राजांच्या मधोमध. 25 सप्टेंबर 1347 रोजी, वय वर्षं सोळा, फ्रान्सच्या राजाच्या दूतांना त्याने बेआर्नमधल्या ऑर्तेझ गावी सांगितलं की फ्वासाठी मी राजाचा मांडलिक आहे, पण बेआर्न मी देवाकडून धरून आहे, या जगातल्या कोणा माणसाकडून नाही. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इकडे दौलताबादला बहमनी राज्याची स्थापना झाली होती. दोन्हीकडे दूरच्या सत्तेचं ओझं झुगारण्याचा तो काळ. कादंबरीत हे आणू नका, पण लिहिताना मनात असू द्या. काळाचा अंदाज पक्का होतो.)

तुमचा नायक मराठा सरदार का वाटतो, याचं उत्तर इथे आहे. तुम्ही त्याला ‘जहागीरदार’ केलंत, तो राजाला ‘मुजरा’ करतो, आणि स्वामिनिष्ठेने त्याचा ऊर भरून येतो. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने या तीन शब्दांत इतकं साठवून ठेवलंय की ते आले की मागून सगळा दरबार चालत येतो. फेबुसच्या जगात मांडलिक गुडघे टेकतो, जोडलेले हात धन्याच्या दोन तळव्यांमध्ये ठेवतो, आणि मी तुझा माणूस आहे असं म्हणतो. त्याबदल्यात धन्यावरही बंधनं येतात, आणि ती त्याने मोडली तर मांडलिक उघडपणे फिरतो. हे दोन पक्षांमधलं कराराचं नातं आहे, भक्तीचं नाही. या विधीला मराठीत शब्द शोधत बसू नका. तो प्रसंग दाखवा. हातांचा स्पर्श दाखवा. एकदा दाखवला की पुढे ‘हात दिले होते’ एवढं म्हटलं तरी वाचकाला कळेल. तसंच ‘काउंट’ आणि ‘नाइट’ हे शब्द तसेच ठेवा, मराठी वाचकाला ते अडत नाहीत. जमिनीसाठी मी ‘जहागीर’पेक्षा ‘वतन’ पसंत करते, कारण ती वंशपरंपरेने चालते आणि माणसं तिच्यासाठी जीव घेतात. संबोधन म्हणून ‘महाराज’ नको. चाकरांच्या तोंडी ‘धनी’ घाला. त्यात हुकूम आहे, धाक आहे, आणि सिंहासन नाही.

भाषेचा आणखी एक पदर तुमच्या हातून निसटलाय. तुमची सगळी पात्रं फ्रेंच बोलतात असं गृहीत धरलंय. बेआर्नमध्ये लोक गास्कों बोलत, म्हणजे दक्षिणेच्या ऑक्सितान भाषेचं एक रूप, आणि कारभाराचे कागदही त्याच बोलीत लिहिले जात. फ्रेंच ही उत्तरेची, राजाची भाषा. फेबुसने शिकारीवरचा आपला ग्रंथ फ्रेंचमध्ये लिहिला आणि ही आपली मायबोली नाही म्हणून वाचकाची माफी मागितली. केवढी जागा आहे ही! राजाचा दूत आला की तो फ्रेंच बोलेल, रागावला की गास्कों, प्रार्थनेत लॅटिन. मराठीत हे तीन आवाज तुम्ही प्रमाण भाषा, घाटाखालची एखादी बोली आणि संस्कृतप्रचुर वळण यांतून सुचवू शकता. बोली फार दाट करू नका, चारदोन क्रियापदं पुरतात.

आता जादूकडे. तुम्ही नायकाला वीज पाडण्याची, वाघरू होण्याची, मेलेल्यांशी बोलण्याची शक्ती दिली आहे. ती कुठूनही आणलेली वाटते आणि कुठेही नेता येईल अशी आहे. मी नेहमी सांगते की त्या काळाची नोंद जिथे गप्प बसते किंवा अडखळते, तिथेच अद्भुताला दार उघडा. फेबुसच्या बाबतीत ते दार आधीच किलकिलं आहे.

1388 च्या हिवाळ्यात जाँ फ्रुआसार हा इतिहासकार ऑर्तेझला त्याच्याकडे पाहुणा म्हणून आला आणि सुमारे बारा आठवडे राहिला. येताना त्याने चार शिकारी कुत्रे भेट आणले होते: त्रिस्तां, हेक्तर, ब्रँ आणि रोलां. फ्रुआसारचं लेखन वाचताना मला आपल्या बखरी आठवतात. कानावर आलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं आणि कोणीतरी शपथेवर सांगितलेलं, सगळं एका ओघात. त्याच्या ध्यानात आलं की काउंटला दूरदूरच्या बातम्या फार लवकर कळतात. पोर्तुगालमधल्या आल्जुबारोताच्या लढाईत, ऑगस्ट 1385 मध्ये, बेआर्नचे कितीतरी नाइट मारले गेले. दूत पोचायला दिवसचे दिवस लागायचे, पण लढाईच्या दुसऱ्याच दिवसापासून काउंट खिन्न होऊन खोलीत बसला, असं फ्रुआसारला सांगितलं गेलं. कसं कळलं? तेव्हा तिथल्या एका स्क्वायरने, म्हणजे नाइटाच्या हाताखालच्या शिलेदाराने, त्याला कोपऱ्यात नेऊन एक गोष्ट सांगितली.

कोआराझ गावचा एक धनी होता, रेमों नावाचा. चर्चच्या दशमांश उत्पन्नावरून त्याचा कातालोनियाच्या एका धर्मगुरूशी वाद झाला. धर्मगुरूने आव्हिन्योंला पोपच्या दरबारात दावा जिंकला आणि हुकूम घेऊन आला. रेमोंने त्याला हाकलून दिलं. जाताना तो म्हणाला, माझ्यापेक्षा तुला ज्याची भीती वाटेल असा कोणीतरी पाठवतो. काही महिन्यांनी रात्री वाड्यात भांडी आदळू लागली, दारं हादरू लागली. आवाजाने आपलं नाव सांगितलं: ऑर्तों. रेमों घाबरला नाही. त्या धर्मगुरूकडे काय ठेवलंय, माझ्याकडे राहा, म्हणाला. आणि ऑर्तोंला हा माणूस आवडला! मग तो रात्री येई, रेमोंच्या डोक्याखालची उशी ओढून त्याला जागं करी आणि इंग्लंडची, हंगेरीची बातमी सांगे. रेमों ती काउंटला कळवी. काउंटने विचारलं, तो बोलतो कोणती भाषा? रेमों म्हणाला, तुमच्यामाझ्यासारखीच झकास गास्कों.

हा तपशील मी कितीही वेळा वाचला तरी अंगावर काटा येतो. भूत परक्या भाषेत बोलत नाही, घरच्या बोलीत बोलतं.

पुढे काउंटच्या आग्रहावरून रेमोंने ऑर्तोंला दर्शन देण्याची गळ घातली. उद्या बिछान्यातून उठल्यावर पहिली जी वस्तू दिसेल ती मी, असं उत्तर आलं. सकाळी जमिनीवर गवताच्या दोन काड्या एकमेकींभोवती फिरत होत्या, रेमोंने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. दुसऱ्या खेपेला अंगणात एक मोठी, हाडं वर आलेली, लोंबत्या आचळांची डुकरीण दिसली. त्याने कुत्रे सोडले. डुकरिणीने किंचाळून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नाहीशी झाली. ऑर्तों परत कधी आला नाही, आणि वर्षाच्या आत रेमों मेला. ही गोष्ट सांगणाऱ्या स्क्वायरने शेवटी सुचवलं की काउंटकडेही असाच कोणीतरी येत असावा.

बघा, इथे जादूला मर्यादा आहे. ती फक्त बातमी आणते. तिला ओळखलं नाही तर ती जाते. आणि ती एका जमिनीच्या भांडणातून, कोर्टाच्या निकालातून जन्मली आहे. वीज पाडणारा उमराव विसरा. ज्याला सगळं आधी कळतं आणि त्याबद्दल कोणाशी बोलता येत नाही, असा उमराव लिहा. मध्यरात्री जेवायला बसणारा माणूस होता हा, दुपारी उठायचा. बारा चाकर बारा मशाली घेऊन टेबलासमोर उभे राहत. दालन नाइटांनी भरलेलं असे आणि काउंट बोलायला सांगेपर्यंत कोणी त्याच्याशी बोलत नसे. कोंबडीचा पंख आणि मांडी एवढंच खायचा. फ्रुआसार त्याला रोज रात्री आपली एक लांबलचक कविता वाचून दाखवी आणि वाचन चालू असताना कोणाला चकार शब्द काढायची मुभा नव्हती. मध्यरात्र, मशालींचा उजेड, एक माणूस ऐकतो आहे. ऑर्तोंला यायला याहून चांगली जागा तुम्ही कल्पून काढू शकणार नाही.

दुसरं दार त्याच्या सावत्र भावाचं, प्येर द बेआर्नचं. त्याने डोंगरात एक प्रचंड अस्वल मारलं. त्या रात्रीपासून तो झोपेत उठून तलवार उपसून अंधाराशी लढू लागला. अस्वलाचा देह पाहताच त्याच्या बायकोचा चेहरा उतरला आणि ती मुलांना घेऊन निघून गेली. तिच्या वडिलांनी पूर्वी त्याच अस्वलाचा पाठलाग केला होता, आणि तुझं मरण वाईट येईल असा आवाज ऐकला होता. नंतर ते खरंच मारले गेले. फेबुसच्या सगळ्या आयुष्यावर या अस्वलाची सावली टाकता येईल, कारण त्याचा स्वतःचा अंतही अस्वलाच्या शिकारीच्या दिवशीच झाला.

शिकारीबद्दल थोडक्यात, कारण तुमची ती पानं चांगली आहेत. 1 मे 1387 रोजी त्याने ग्रंथ लिहायला घेतला, बर्गंडीचा ड्यूक फिलिप याला अर्पण केला. आपल्याला तीन गोष्टींत सुख मिळालं, शस्त्रं, प्रेम आणि शिकार, असं तो सुरुवातीला लिहितो, आणि पहिल्या दोन्हींत आपल्याहून सरस गुरू झालेत हे कबूल करतो. तिसऱ्याबद्दल मात्र त्याला खात्री नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या या ग्रंथाच्या प्रसिद्ध हस्तलिखितात 87 चित्रं आहेत. ती नक्की पाहा. तुमच्या कथेत शिकारी माग काढतात तो नुसता पावलांवरून. त्याच्या शिकारी मंडळींत हरणाच्या लेंड्या शिंगात भरून आणून सगळ्यांपुढे मांडत आणि त्यावरून हरणाचं वय नि आकार ठरवत. कुत्र्यांच्या चाकरीला तो सात वर्षांचा मुलगा ठेवायला सांगतो. सगळ्या कुत्र्यांची नावं आणि रंग त्या मुलाला पाठ हवेत. असा मुलगा तुमच्या कादंबरीत नाही. तो हवाच. ऑर्तोंला पहिल्यांदा ओळखणारा तोच असेल तर?

‘फेबुस’ हे नाव त्याने सूर्यदेवावरून घेतलं, प्रशियाच्या 1357-58 च्या धर्मयुद्धाच्या सुमारास. परतीच्या वाटेवर, जून 1358 मध्ये, मो शहरात बंडखोर शेतकऱ्यांनी घेरलेल्या राजघराण्यातल्या स्त्रियांची त्याने सुटका केली. तुम्ही हा प्रसंग निखळ शौर्याचा लिहिलाय. त्याच्याबरोबर लढणारा काप्ताल द ब्यूश हा इंग्लंडच्या बाजूचा होता, आणि सुटकेनंतर शेतकऱ्यांची कत्तल झाली, शहर जाळलं गेलं. दोन शत्रुपक्षांचे उमराव कष्टकऱ्यांविरुद्ध एका क्षणात एक होतात, हे त्या काळाचं खरं रूप आहे. ते लपवू नका. 5 डिसेंबर 1362 ला लोनाकच्या लढाईत त्याने आर्मान्याकच्या काउंटला पकडलं. एकट्या त्याची खंडणी 300,000 फ्लोरिन ठरली. फेबुसचे बुरूज आणि खजिना या पैशावर उभे आहेत. मोंतानेरच्या विटांच्या बुरुजावर ‘फेबुसने मला बांधलं’ असा त्याचा लेख आहे. बुरूज स्वतःच बोलतोय असा. अद्भुत आणखी कशाला म्हणायचं?

आता मुलाकडे येते.

फेबुसची बायको आन्येस नावारच्या राजाची, ‘दुष्ट’ म्हणवल्या जाणाऱ्या शार्लची, बहीण. हुंड्याची रक्कम भावाने दिली नाही म्हणून 1362 च्या अखेरीस, एकुलता औरस मुलगा जन्मल्यानंतर थोड्याच काळात, फेबुसने तिला घालवून दिलं. मुलाचं नावही गास्तों. 1380 मध्ये तो आईला भेटायला नावारला गेला तेव्हा मामाने त्याला एक पुरचुंडी दिली. यातली पूड बापाच्या अन्नावर टाक, म्हणजे त्याला तुझ्या आईबद्दल पुन्हा प्रेम वाटेल, असं सांगून. मुलाने ती अंगरख्याखाली गळ्यात बांधली. सावत्र भाऊ इव्हँ याने ती पाहिली आणि चेंडूच्या खेळावरून भांडण झाल्यावर बापाला सांगितलं. जेवताना बापाने पुरचुंडी कापून घेतली, पूड पावावर टाकून कुत्र्याला दिली. कुत्रा मेला. मुलाला बुरुजातल्या अंधाऱ्या खोलीत कोंडलं. त्याने अन्न सोडलं. आणलेली ताटं तशीच पडून राहिली. चाकराने हे सांगितलं तेव्हा बाप एका छोट्या चाकूने नखं साफ करत होता. तो तसाच उठून गेला. चाकू पात्याच्या टोकाजवळ धरलेला, बोटांबाहेर आलेलं टोक एका नाण्याच्या जाडीएवढं. का खात नाहीस, असं ओरडून त्याने मुलाच्या गळ्यावर हात मारला आणि मागे न पाहता निघून गेला. टोक शिरेला लागलं होतं. मुलगा मेला.

फ्रुआसारने हे असं सांगितलंय. तुम्ही यावर शाप चढवलात. बापाचा हात त्याच्या ताब्यात नव्हता, दुष्टात्म्याने तो हलवला, असं केलंत. त्याने काय झालं ते सांगते. नाण्याच्या जाडीएवढ्या पात्यात जे सगळं मावलं होतं, ते बाहेर सांडलं. मारायचं होतं की नव्हतं? राग होता की भीती? हे बापालाही माहीत नाही, आणि उरलेली अकरा वर्षं तो त्या न कळण्यासकट जगला. त्याच्या नावावर प्रार्थनांचा एक संग्रह आहे. तुमच्या दुष्टात्म्याने त्याला त्या प्रार्थनांमधूनही मोकळं केलं. जादू त्या मुलाच्या बाजूने वापरा, हवी तर. पूड खरंच प्रेमाची होती असं लिहा. कुत्रा मेला, कारण ती कुत्र्यासाठी नव्हतीच. किंवा ऑर्तों सगळं आधीच जाणत होता आणि त्या एका रात्री आलाच नाही, किंवा आला आणि बापाने ऐकलं नाही. काहीही करा, पण चाकूवरचा हात बापाचाच राहू द्या. हा प्रसंग तुम्हाला बदलायचाच असेल तर नायकाचं नाव बदला, वतन बदला आणि फेबुसला सोडून द्या. एवढं त्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराचं आपण देणं लागतो.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या टिपणात नाही. 1 ऑगस्ट 1391 रोजी सकाळी अस्वलाची शिकार करून फेबुस सोव्हतेरजवळ ओरियोंच्या धर्मशाळेत जेवायला आला. उन्हाळ्याचे दिवस, खोलीत ताजा हिरवा पाला पसरलेला. हात धुवायला बसला, चांदीच्या भांड्यातून बोटांवर गार पाणी पडलं आणि तो कोसळला. त्याच संध्याकाळी इव्हँ, ज्याने अकरा वर्षांपूर्वी पुरचुंडीची खबर दिली होती तोच, ऑर्तेझचा खजिना गाठायला धावला. किल्लेदार धन्याच्या खुणा पाहिल्याशिवाय दार उघडणार नव्हता. म्हणून इव्हँने मेलेल्या बापाकडून दोन वस्तू बरोबर घेतल्या होत्या: बोटातली अंगठी, आणि जेवताना वापरायचा छोटा चाकू. दार उघडलं. दीड वर्षाने, 28 जानेवारी 1393 रोजी, पॅरिसला राजाच्या नाचात रानमाणसाचं सोंग घेऊन, अंगावर राळ नि ताग चिकटवलेल्या अवस्थेत, मशालीची ठिणगी पडून हा इव्हँ भाजून मेला.

दोन्ही वेळचा चाकू एकच होता असं फ्रुआसार म्हणत नाही. तुम्ही म्हणू शकता.